वजा

पहाटे पाचला मोजणी.
मलेरियाच्या पट्ट्या एकशे दहा, सलाइन चाळीस,
मॉर्फिन सहा. त्याला दोन सह्या लागतात,
माझी आणि सुभेदार थपलियालची.
सही करताना तो चहाचा मग जमिनीवर ठेवतो,
देवघरात शिरल्यासारखा.

दार उघडलं की बूट जड होतात.
इथली माती पावलागणिक एक तळवा चढवते;
गेटपर्यंत पोचेस्तोवर माणूस चार बोटं उंच.
कुंपणाच्या खांबांवर मराबू करकोचे
लेखातपासणीला आल्यासारखे,
घाई कसलीच नाही त्यांना.

रांग आधीच लागलेली.
अद्वोक दुभाष्या खुर्ची उलटी करून बसतो.
शिल्लुक येते त्याला, अरबी येते, इंग्रजी,
आणि माझ्या संगतीने तीन मराठी शिव्या.
म्हातारी न्याजोक पोटावर हात ठेवते. म्हणते, वजा.
एक आई पोराच्या कानाकडे बोट दाखवते. वजा.
पहिला आठवडाभर मला वाटायचं,
ही माणसं काय काय कमी झालं ते सांगताहेत.
अद्वोक म्हणाला, दुखतंय म्हणतात रे, बाकी काही नाही.
मी म्हटलं, आमच्याकडे शाळेत शिकवतात हे,
पाटीवर, हातचा घेऊन.
हातचा त्याला समजावता येईना. राहिलं.

ओथाव आला तो मंगळवारी.
नऊ वर्षांचा असेल, तळव्यात मासळीचा गळ रुतलेला.
रडला नाही. गळाकडे बघत होता,
हाताकडे नाही.
गळ मागे ओढायचा नसतो.
पुढे ढकलायचा, कातडीतून टोक बाहेर काढायचं,
काटा कापायचा, मग उरलेला सरळ निघतो.
दोन मिनिटं. एक टाका.
मी कापलेले दोन तुकडे ट्रेमध्ये टाकले
आणि तेव्हा तो रडला.

रोज गेटवर यायचा मग.
संत्री म्हणायचा, डॉक्टर, तुमचा सावकार आलाय.
(मी डॉक्टर नाही. सांगून थकलो.)
पाचव्या दिवशी टाक्याची एक वाकडी सुई घेतली,
पकडीने टोक उलटं वळवलं,
नोंदवहीत लिहिलं: सुई एक, खराब.
थपलियालने वाचलं, माझ्याकडे पाहिलं,
मग खाली ठेवला, ते दोन सह्यांचं नसतानाही.

शनिवारी गेटवर मासा.
हातभर, मिशीवाला, अजून तोंड हलवणारा.
आत घ्यायची परवानगी नाही.
बाहेरच अद्वोकच्या बहिणीने भाजला,
मी कुंपणाच्या जाळीतून खाल्ला, मिठाशिवाय.

नदीपलीकडे रात्री गोळीबार झाला तो पुढच्याच आठवड्यात.
दिवे बंद, जनरेटर बंद,
कपाळावरच्या बॅटरीएवढंच जग.
सतरा माणसं आली, किंवा आणली गेली.
मॉर्फिन सहा. कुणाला, हे मी ठरवायचं.
न्याजोकचा जावई म्हणाला, तिला द्या.
तिने मान हलवली आणि शेजारच्या पोरीकडे बोट केलं.
मी पोरीला दिलं.
प्रत्येक मुलाची मूठ उघडत गेलो.
डावा तळवा, अंगठ्याखाली, एक टाका.
कुणातच नाही.
हे चांगलं की वाईट,
त्याला वहीत रकाना नाही.

घरून फोन आला तेव्हा उजाडलं होतं.
तिकडे साडेतीन तास पुढे,
तिची पोळी होऊन गेलेली.
काय करतोयस? मोजतोय.
किती वेळा तेच मोजता रे तुम्ही?

पट्ट्या ब्याण्णव. सलाइन तीन.
मॉर्फिन शून्य. मी सही केली.
थपलियाल मग हातात धरूनच उभा,
चहावर साय आलेली.
गेटवर अद्वोकने रांग लावायला घेतली होती,
मी नावं विचारायच्या आधी
सगळ्यांचे डावे हात बघितले.